धबधब्याच्या वाटेवरचा शेंदरी देव

अडुसष्ट वर्षांची झाले, पण उंचावरून पडणारं पाणी कधी पाहिलं नव्हतं. आमच्या सेलूकडं कुठला आलाय डोंगर. म्हणून भजनी मंडळाच्या बायकांनी धबधब्याच्या जंगलात जायची गाडी ठरवली, तेव्हा सगळ्यांत आधी मी तयार. थोरल्या जाऊबाई पण आल्या. त्यांना पाण्याचं काही न्हाई, घरी एकटं बसायचं नव्हतं इतकंच.

फाटकावर सांगितलं होतं, की पाचला वाट बंद होते. आमचं धपाटे-ठेचा आवरेपर्यंतच चार वाजले. बाकीच्या बायका झाडाखाली आडव्या झाल्या. आमी दोघीच निघालो.

पुढं वाट फुटली, तिथं एक शेंदरी दगड. आमच्याकडं असा दगड दिसला की चप्पल आपोआप निघते, त्याला इचार लागत न्हाई. जाऊबाईंच्या पिशवीत कुंकवाची डबी कायमच असते. बाटलीतल्या पाण्यात कुंकू कालवून त्यांनी अख्ख्या दगडाला फासलं. मी म्हटलं, बाई, उशीर होयलाय. देवाला घाई दाखवू नये, म्हणाल्या, अन् पाच फेऱ्या घातल्या. तेवढ्यात मागून एक कुटुंब आलं, त्यांनीबी चपला काढल्या. मग दुसरं आलं. कोणीतरी विचारलं, हा देव कोणता.

"म्हसोबा," जाऊबाई म्हणाल्या. "लय कडक हाय."

मग आमी सरळ निघालो, अन् आमच्यामागं ती सगळी वरात. पोचलो ते थेट जंगल खात्याच्या नर्सरीत. तिथला गार्ड रोपांना पाणी घालायचं सोडून आमच्याकडं बघतच राहिला.

"आजी, धबधब्याची वाट दाखवायला दगडावर बाण काढलाय की. दिसला न्हाई?"

जाऊबाईंनी माझ्याकडं पाहिलं. मी झाडाकडं.

गार्ड आमच्यासंगं परत आला. रुमाल काढून दगड पुसायला वाकला, अन् थबकला. मग त्यानंही बूट काढले, हात जोडले, आणि बाणापुरतंच कुंकू पुसलं.

"पुसलंस ना," जाऊबाई म्हणाल्या, "आता जपून राहा रे बाबा."

पाचला पाच मिनिटं कमी होती. बाण उजवीकडं होता, मी गुडघ्यांना न विचारता तिकडं पळत सुटले. अन् दिसला. पांढरा, धो धो, चष्म्यावर तुषार उडवणारा. चष्मा पुसायची, पुन्हा बघायची, पुन्हा पुसायची, असं किती वेळ चाललं कोण जाणे.

गार्डनं शिट्टी तोंडात धरली होती. पण एक डोळा जाऊबाईंवर ठेवून उभा राहिला बिचारा, अन् वाजवली ती साडेपाचला.