वहिनींच्या ओट्यावर जव आंबेना

बरणीचं झाकण आधी छताला लागलं, मग पंख्याला, आणि पंख्याने आतलं पेय स्वयंपाकघरात सगळ्यांना सारखं वाटून दिलं. भावोजी तेव्हा टेबलाखाली होते. लपायला नव्हे, झाकण शोधायला, असं ते अजूनही सांगतात.

भावोजी म्हणजे वहिनींचे धाकटे दीर. नोकरी संग्रहालयात, काम वस्तूंखालच्या पाट्या लिहिण्याचं. ‘पहारेकऱ्यांच्या पेयाचा रांजण’ ही पाटी लिहिताना त्यांच्या डोक्यात आलं, की ते पेय आपणच करावं. चहातली साखर विरघळेपर्यंत ज्याला दम निघत नाही, तो जव आंबवायला निघाला! कृती सोपी होती. भरडलेले जव, मध आणि पाणी रोजच्या वापरातल्या लाकडी डावाने ढवळायचं आणि फडक्याखाली झाकून ठेवायचं. लाकडी डाव वहिनींकडेच होता, म्हणून बरणीही वहिनींच्या ओट्यावर आली.

इथेच घोडं पेंड खायला लागलं. वहिनींचा जन्म गेला इस्पितळात, ऑपरेशनच्या कात्र्या-चिमटे वाफेवर निर्जंतुक करण्यात. एका बड्या सर्जनने एकदा हातमोजा न घालता चिमटा उचलला, तर वहिनींनी त्याच्यादेखत अख्खा ट्रे परत यंत्रात सारला. बाहेर बाकावर बसलेल्या पेशंटच्या नातेवाइकांना मात्र त्या स्वतःच्या थर्मासमधला चहा पाजायच्या. पेले अर्थातच उकळलेले. घरीही तोच खाक्या. बाजारातून आलं की पिशवी दाराबाहेर, आणि वहिनींचे यजमान, म्हणजे भावोजींचे दादाही थोडा वेळ दाराबाहेर.

त्यांनी डाव उकळला, बरणी उकळली, जव-पाणीही उकळून घेतलं, फडकं वाफवलं. बरणी आठवडाभर ढिम्म.

“वहिनी, आंबायला थोडे जंतू लागतात हो.”

“मग तुमच्या घरून आणायचे होते. तिथे भरपूर असतील.”

दादा पेपरामागे खोकले. त्या खोकल्यात हसू होतं, हे भावोजींना कळलं.

पण भावोजींना हसणं परवडणारं नव्हतं. वहिनी महिनाअखेर निवृत्त होणार होत्या. ही बाई रिकामी बसली तर घरातल्या माणसांना उकळत्या पाण्यात घालेल, अशी भावोजींना खरीखुरी काळजी. म्हणून त्यांनी आपल्या ऑफिसातल्या साहेबांना परस्पर शब्द दिला होता, की पेय जमलं तर संग्रहालयाच्या अंगणातला पेयांचा स्टॉल वहिनी चालवतील. साहेब उद्या चव घ्यायला येणार होते आणि बरणीत नुसतं गोड पाणी.

तेव्हा भावोजींनी बेकरीतून यीस्ट आणलं. चिमूट पुरली असती, त्यांनी मूठ टाकली. वर वास फुटू नये म्हणून फडकं काढून झाकण गच्च आवळलं, आणि आपल्या हुशारीवर खूश होऊन बरणी उन्हात खिडकीशी ठेवली. पुढचं छताने पाहिलं.

वहिनी धावत आल्या. छत, पंखा, केसांत जव घेऊन टेबलाखालून निघणारा दीर, असं सगळं त्यांनी शांतपणे पाहिलं. मग बरणीच्या तळाशी उरलेलं चमच्याने चाखलं.

“वाईट नाही,” त्या म्हणाल्या. “पण असं गच्च झाकण लावायला कुणी सांगितलं होतं?”

भावोजींचा जीव भांड्यात पडला. इतका, की पोटातलं सगळं ओठावर आलं. स्टॉल, साहेब, दिलेला शब्द, वहिनींच्या नावाची पाटी कशी रंगवायची तेसुद्धा.

वहिनी ऐकता ऐकता शिडी घेऊन आल्या. ओलं फडकं त्यांनी भावोजींच्या हातात दिलं आणि छताकडे बोट केलं.

“उद्या साहेबांना सांगा, वहिनी स्टॉल चालवणार नाहीत. मला न विचारता शब्द दिलात, तो तुमचा तुम्ही निस्तरा.”

“अहो, पण वहिनी,” भावोजी शिडीवरून काकुळतीने म्हणाले, “निवृत्त झाल्यावर तुम्ही दिवसभर करणार तरी काय?”

वहिनींनी खुर्ची ओढली, पाय लांब केले.

“काही नाही.”