डावा हात पाठीमागे

सक्करदऱ्यात प्रेमिलाला सगळे माजोरी म्हणत, आणि त्याचं कारण होतं तिचा डावा हात. दुरुस्तीला उघडलेल्या टीव्हीसमोर उभी राहिली की तो हात पाठीमागे जायचा. गिऱ्हाईक कितीही मानाचं असो, ही एक हात मागे ठेवून, मान ताठ करून त्याच्याशी बोलायची. वडीलधाऱ्यांपुढे ही काय उभं राहायची रीत, असं नळावर बायका कुजबुजत.

रीत तिच्या बापाची होती. लहानूने छप्पन साली बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, वाडवडिलांचं काम त्याच आठवड्यात सोडलं आणि रेडिओदुरुस्ती शिकला. वीज चालू असताना यंत्रात उजवा हात घालायचा तर डावा पाठीमागे ठेवायचा, म्हणजे झटका बसलाच तरी छातीतून आरपार जात नाही, हे त्याने लेकीला दहाव्या वर्षी शिकवलं. तो गेल्यावर दुकान प्रेमिलाने सांभाळलं. तेव्हापासून गिऱ्हाइकं दारात उभी राहून तिलाच विचारू लागली, "मिस्त्री कुठी गेला?" मग तो हात काम नसतानाही मागे जाऊ लागला. लोक म्हणत ते अगदीच खोटं नव्हतं.

पंच्याऐंशीच्या उन्हाळ्यात गिरणीतून निवृत्त झालेले मारोतराव एक खोकं घेऊन आले. अमेरिकेतल्या भाच्याने त्यांना व्हिडिओ गेमचं यंत्र पाठवलं होतं, सोबत व्होल्टेज उतरवायचा डबासुद्धा. पोरांसाठी खेळाचं दुकान टाकायचं त्यांच्या मनाने घेतलं होतं. घरात टीव्ही होता, पण जुना, काळापांढरा.

"सीताबर्डीले मधुसूदनच्या शोरूमात नेलं होतं वं," मारोतराव म्हणाले. "त्याच्या नव्या रंगीत टीव्हीवर लावलं, तं चित्र सारखं वर पळे. तो म्हणे, रंगीताले झेपून नाही राहिलं, तं तुमचा जुना डबा फुटनच. याहून मोठा, इम्पोर्टेड घ्या म्हणे. तुह्या बापानं माहा टीव्ही पाहिला होता. तू सांग, झेपन का याले?"

प्रेमिलाने यंत्र उलटं करून मागची पट्टी वाचली. आकडा साठचा होता, म्हणजे सेकंदाला साठ चित्रं. आपल्याकडची वीज पन्नासची, टीव्हीही तसेच. म्हणजे हे यंत्र टीव्हीला त्याच्या सवयीपेक्षा भरभर चित्रं पाठवणार, आणि टीव्हीने पाय उचलला नाही तर चित्र पळणार. यात ताकदीचा प्रश्नच नव्हता. नव्या टीव्हीला चित्र थांबवायची कळ बाहेर नव्हतीच. जुन्याला पाठीमागे होती, हाताने फिरवायची. राहिला बोजा, तर टीव्हीच्या लेखी खेळ काय आणि बातम्या काय, सारख्याच. रंगीत म्हणजे दणकट, हे मधुसूदनने कुठून काढलं देव जाणे! तिला त्याचा मनस्वी राग आला.

"आणा टीव्ही," ती म्हणाली. "येत्या इतवारी सगळ्यांसमोर चालवून दाखवतो."

हे आतून तिच्या काकाने, धोंडबाने, ऐकलं. जागा धोंडबाच्या मालकीची होती आणि ती कापडवाल्याला द्यायचं त्याच्या डोक्यात वर्षभर घोळत होतं.

"काहून लोकाच्या टीव्हीशी खेळून राहिली?" तो बाहेर येऊन म्हणाला. "मोठे दुकानदार नाही म्हणते, अन् तू? जळला तं आपल्या खानदानाचं नाव जाईन. इतवारी नाही चाललं, तं मी कुलूप लावतो. मंग रडायचं नाही."

"लावा, काकाजी," प्रेमिला म्हणाली. "पण चाललं, तं पुन्हा कुलपाचं नाव काढायचं नाही."

एवढ्यावर ती थांबली असती तर ती प्रेमिला कसली! तिने खडू घेऊन दुकानाच्या दारावर मोठ्या अक्षरात लिहिलं: चित्र येईल. रंग येणार नाही. आवाज येणार नाही. आवाजाचा मेळ आपल्याकडच्या टीव्हीत निराळ्या जागी बसवलेला असतो, तो जुळणार नव्हता. येणार नाही तेही आधीच लिहून टाकणारा मेकॅनिक सक्करदऱ्याने पाहिला नव्हता. येणारे-जाणारे वाचून हसत होते.

मारोतरावांचा टीव्ही दुकानात आला, पण मधल्या दिवसांत कळ शेवटपर्यंत फिरली तरी चित्र रेंगाळत वर सरकतच राहिलं. शुक्रवारी तिचा धीर सुटला. बापाची खुर्ची कापडाच्या गठ्ठ्यांखाली गेलेली डोळ्यांसमोर आली आणि ती ढसाढसा रडली. मग तोंड धुऊन तिने कळीच्या मागचा एक छोटासा भाग बदलला, आणि कळीला थोडी आणखी वाट मिळाली.

इतवारी दुकानासमोर जत्रा जमली. मारोतरावांनी बोलावलं म्हणून मधुसूदनही स्कूटरवरून आला. धोंडबा कुलूप हातातच घेऊन बसला होता.

टीव्ही सुरू झाला. पडद्यावर विमान आलं आणि सरसर वर पळालं. लोक खो खो हसले. प्रेमिलाने डावा हात पाठीमागे घेतला, उजवा टीव्हीच्या मागे नेला आणि कळ जराशी फिरवली. विमान जागच्या जागी थांबलं.

"बाप्पा!" मारोतराव ओरडले.

"आवाज कुठे आहे?" मधुसूदनने विचारलं.

तिने नुसतं दाराकडे बोट दाखवलं. त्याने वाचलं आणि रुमालाने मान पुसली. "आत्ता चालेल हो. गरम झाला की जळेल. दोन तास काढणार नाही."

"मंग बसा दोन तास," प्रेमिला म्हणाली. "चहा पाजतो."

दोन तास पोरांनी, मग पोरांच्या बापांनी आळीपाळीने विमान उडवलं. मधुसूदन घड्याळ पाहत होता, आणि प्रेमिला त्याच्याकडे. दोन तास झाल्यावर तिने टीव्ही चालूच ठेवून त्याची पाठ उघडली.

"बापाची परीक्षा आहे आमच्या," ती म्हणाली. "त्या ट्रान्सफॉर्मरच्या लोखंडावर तळवा ठेवा अन् वीस मोजा. चटका बसला तं तुम्ही खरे."

एवढ्या लोकांपुढे मागे कसं सरायचं? मधुसूदनने बाह्या सरसावल्या आणि दोन्ही हात आत घालायला वाकला.

"थांबा!" प्रेमिला ओरडली. "डावा हात पाठीमागे घ्या."

असं मधुसूदनला आजवर कोणी सांगितलं नसावं. त्याने धोंडबाकडे पाहिलं, जणू पोरीला कोणीतरी आवरावं.

धोंडबाने कुलूप खिशात टाकलं.

"साहेब," तो म्हणाला, "मिस्त्री सांगून राहिली, तसं करा."

मधुसूदनने डावा हात पाठीमागे नेला आणि मोठ्याने मोजायला लागला.