फोनशेजारचं बायबल

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला नोएडातल्या आमच्या जिन्यात फोन फक्त समोरच्या काकांकडे होता, आणि फोनशेजारी त्यांचं बायबल. त्यावर ते चष्मासुद्धा ठेवत नसत. काहीही विचारा, "शास्त्र काय म्हणतं ते बघू," म्हणत आनंदानं पानं उलटायचे.

एका सुट्टीच्या दिवशी त्यांनी मला फोनसाठी हाक मारली. साहेब कामावर बोलावणार, हे ओळखून मी हळूच म्हणालो, "मी नाही म्हणून सांगा." काकांनी मला ढकलत जिन्यात काढलं आणि मगच फोनवर सांगितलं, "ते इथं नाहीत." आम्ही पोटभर हसलो.

संध्याकाळी त्यांनी दार वाजवलं. "अहो, शब्द खरे होते, पण शास्त्र मनातलंही धरतं. चलो, साहेबांना फोन लावलाय. माझी चूक सांगून झालीय, आता तुमची."

त्यांच्या उघड्या दारातून साहेबांचं "हॅलो, हॅलो" जिन्यापर्यंत ऐकू येत होतं.