रनबाई

इंग्रजीतला एकच शब्द अख्खा महिना शिकवणारी शिक्षिका मी दुसरी पाहिली नाही. बाईंनी ‘रन’ शिकवायला घेतला तेव्हा आम्ही तो ‘पळणे’ म्हणून शाळेतच पाठ करून मोकळ्या झालो होतो. बाई म्हणाल्या, “पळणं एवढंच धराल, तर इंग्रजी पुढं आणि तुम्ही मागं.” तेव्हापासून, खेड्यातून औरंगाबादला कॉलेजात आलेल्या आणि संध्याकाळी गारखेड्यातल्या त्यांच्या व्हरांड्यात जमणाऱ्या आम्ही मुली त्यांना आपसांत रनबाई म्हणू लागलो.

त्यांचा नियम असा, की वाक्य पुस्तकातलं चालायचं नाही. आपल्या घरातलं, रस्त्यातलं हवं. एकीनं गुलमंडीतून घेतलेल्या लाल ओढणीचा रंग पहिल्याच धुण्यात तिच्या पांढऱ्या कुर्त्यावर उतरला. ती रडकुंडीला आलेली, आणि बाई खूश. रंग पसरतो तोही ‘रन’च, म्हणून तो कुर्ता त्यांनी आठवडाभर दारातल्या दोरीवर टांगून ठेवला. सर्दी झालेलीचं वाहतं नाकही त्यांच्या तावडीतून सुटलं नाही. ते दुष्काळाचं वर्ष होतं. आजूबाजूला नव्या इमारती उठत होत्या आणि बोअर आटत होते. वाहत्या नळाचं वाक्य मात्र त्या करू देत नसत. “आधी पाणी येऊ द्या, मग वाक्य करा.”

चालवणं हाही ‘रन’च, म्हणून मी वाक्य केलं, माझी आई पिठाची गिरणी चालवते. गावात ती वडिलांची गिरणी म्हणून ओळखली जायची. पट्टा चढवायची, दळण घ्यायची ती आई. वडील समोरच्या हॉटेलात बसून लक्ष ठेवायचे. बाईंनी ते वाक्य मला दोनदा म्हणायला लावलं.

पुढच्याच महिन्यात वडिलांचा निरोप आला. आईला टँकरच्या पाण्यासाठी तासन्‌तास थांबावं लागतं, गिरणीवर माणूस नाही, कॉलेज सोडून ये. मी पेटी भरली आणि बाईंचा निरोप घ्यायला गेले. त्यांनी चपला घातल्या आणि माझ्याबरोबर आमच्या गावाकडची, सिल्लोडची एसटी धरली.

वडिलांनी गिरणीतच चहा मागवला. म्हणाले, “शिक्षण चांगलंच हाय, बाई. पण घरी माणूस लागतंय का नाय?”

“लागतं की, भाऊ. तुम्ही कधी चालवून पाहिलीत का गिरणी?”

दळणाला आलेल्या बायका पदराआड हसल्या. वडिलांनी कप खाली ठेवला. तेव्हा आई हळूच म्हणाली, “पट्टा कसा चढवायचा, ते मी दावते की.”

पुढे काही दिवस गावानं वडिलांच्या हातचं जाडंभरडं पीठ खाल्लं. मी मात्र बाईंबरोबरच परत आले आणि आमच्या घरातली पहिली पदवीधर झाले. पेढे घेऊन गेले, तर बाईंनी आधी विचारलं, “आता बारीक दळतात का गं?”

काही वर्षांनी बाई गेल्याचं मी वडिलांना फोनवर सांगितलं. आईनं नंतर सांगितलं, त्यांनी भरल्या बाजाराच्या दिवशी गिरणी बंद केली आणि डबे घेऊन उभ्या असलेल्या बायांना म्हणाले, “आज दळण नाय. आमच्या बाई गेल्या.”