परक्या दारातला जोगवा

जोगवा चुकला तर आई कोपते की समजून घेते, हा विचार त्या दिवशी गाडीत मांजरसुंब्यापासून माझं काळीज कुरतडत होता. मांजरसुंब्याला एक म्हातारी एसटीत चढली. कपाळभर मळवट, मांडीवर जोगव्याची परडी. तिच्याकडे बघितलं आणि एकदम ध्यानात आलं. आज मंगळवार! सहलीसाठी शेंगदाण्याच्या चटणीपासून लेकरांच्या स्वेटरपर्यंत सगळं मी ध्यानात ठेवलं होतं आणि वार तेवढा विसरले होते. माझी परडी घरी देव्हाऱ्यातच राहिली होती.

माझा ओम जन्मला तेव्हा फार अशक्त होता. जगतो की नाही, असं झालं होतं. तेव्हा अंबाजोगाईच्या आईपुढे मी पदर पसरून बोलले होते, लेकरू जगू दे, दर मंगळवारी पाच घरी तुझा जोगवा मागीन, मागितल्याशिवाय घास तोंडात घालणार नाही. ओम आता पहिलीत आहे, शेळीच्या करडासारखा उड्या मारतो. इतक्या वर्षांत माझा मंगळवार कधी चुकला नव्हता. पण खरं सांगायचं तर गावात मला मागावं लागतच नाही. घरं ठरलेली आहेत. मी परडी घेऊन दारात नुसती उभी राहते. घरातली बाई मला बघते, पीठ आणते, परडीत टाकते, मी तिला हळदकुंकू लावते. तोंडातून शब्द काढायची वेळच येत नाही. मी लहानपणापासून अशीच, चारचौघांत बोलायचं म्हटलं की कुणाच्या तरी मागे जाऊन उभी राहते.

म्हणूनच औरंगाबादची, म्हणजे आताच्या संभाजीनगरची सहल मी ठरवली तेव्हा घरात सगळे हसले. लेकीच्या, आरतीच्या वर्गात बाईंनी देवगिरीच्या किल्ल्याचं वर्णन केलं होतं. डोंगर तासून केलेला किल्ला आणि त्यात शत्रूला चकवणारी एक अंधारी वाट. तेव्हापासून दोन्ही लेकरांनी अंधारीचा ध्यास घेतला होता. सुट्टी लागली की नेते, असा शब्द मी देऊन बसले. मालकांचा दुधाचा धंदा, म्हशी सोडून त्यांना कुठे जाता येत नाही. म्हशी सांभाळायला जाऊबाई तयार झाल्या, पण टोमणा मारल्याशिवाय थोड्याच राहतील!

"जा बाई, बादशाच्या गावाला जाऊन ये. पर तिथं पत्ता कोण इचारणार? तू? तुला गिरणीवर दळण झालं का, एवढं इचारता येत न्हाई!"

मालक गालात हसले. मला राग आला नाही, कारण खोटं काहीच नव्हतं. मालकांच्या मावसभावाची तिथे एका कॉलनीत खोली होती. "कवाबी या, खोली तुमचीच हाय," असं तो म्हणाला होता. त्याच भरवशावर निघालो.

दुपारी तिथे पोचलो तर दाराला कुलूप. फोन बंद. खालच्या दुकानदाराने सांगितलं, त्याच्या सासूला एकाएकी दवाखान्यात नेलं, तो सकाळीच घाईने गेला. मालक जवळपासची दोन-तीन लॉज बघून आले. सुट्ट्यांमुळे सगळी भरलेली. घामाने त्यांचा सदरा भिजला होता.

"झाली सहल," ते म्हणाले. "पाणी प्या अन् सांजच्या गाडीनं माघारी चला."

आरतीने तोंड ओंजळीत लपवलं. तिच्यामागोमाग ओमने भोकाड पसरलं.

"कावून रडायलीस गं?" मालक चिडून म्हणाले. "मी काय किल्ला पाडला का?"

"मी शाळेत समद्यांना सांगितलंय," आरती हुंदके देत म्हणाली. "आता काय सांगू? कुलूप बघून आलो म्हणू?"

लेकरांना मी दिलेला पहिलाच मोठा शब्द, तो असा मोडत होता. सकाळी निघायच्या घाईत काही खाल्लं नव्हतं आणि वार आठवल्यावर जोगव्याशिवाय घास घेता येत नव्हता. डोकं गरगरत होतं आणि वाटत होतं, हा आईचाच कोप आहे, तिला घरी ठेवून मी मजा मारायला निघाले म्हणून तिने वाट अडवली. मी मालकांना एवढंच म्हणाले, "गाडीला अवकाश हाय. मी जोगवा मागून येते."

"हितं? हितं तुला कोण ओळखतं?"

मी चालायला लागले. उत्तर देत बसले असते तर माझा पाय उचललाच नसता.

पिशवीत हळदकुंकवाची डबी होती, परडी नव्हती. म्हणून पदरच पुढे धरला आणि समोरच्या इमारतीत शिरले. पहिल्या दाराची घंटी दाबली. एका माणसाने दार उघडलं, मला वरून खाली बघितलं, "पुढं जा" म्हणाला आणि दार लावलं. माझ्या तोंडून शब्दही फुटला नव्हता. तिथेच भिंतीला टेकून रडावंसं वाटलं. मग मनात आलं, याचं काय चुकलं? तोंड उघडल्याशिवाय मी काय मागते, हे त्याला कसं कळावं?

पुढच्या दारात मी डोळे मिटले आणि म्हणाले, "आईचा जोगवा वाढा माय." आवाज बारीक, फाटका, पण निघाला. वयस्कर बाई होत्या, लगबगीने गव्हाचं पीठ घेऊन आल्या. पुढे एकीने तांदूळ घातले, एकीने ज्वारीचं पीठ, आणखी एका घरी नवी नवरी होती, तिने पीठ घालून वाकून नमस्कारच केला. प्रत्येक दाराला माझा आवाज थोडा सुटा होत गेला. चार घरं झाली.

पाचवं दार सगळ्यात वरच्या मजल्यावरचं. उघडलं ते कॉलेज झालेल्या वयाच्या एका मुलीने. अंगात गुडघ्यापर्यंतची पँट, कानात वायर, मागे टेबलावर लॅपटॉप. मी जोगवा म्हणाले, तिला कळेना. तिने मला थांबायला सांगितलं, कानातली वायर काढली आणि फोन लावला, चेहरा दिसतो तसला.

"मम्मी, दारात एक बाई आल्यात. जोगवा का काय म्हणतायत. काय द्यायचं असतं?"

फोनमधून आवाज आला, "अगं येडे, पीठ दे! अन् आधी पाया पड त्यांच्या! थांब, फोन फिरव तिकडं."

फोनमध्ये एक बाई दिसल्या, केस पांढरे, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. "कोण गाव बाई तुमचं?"

"केजाकडचं."

"माय माय! मी धारूरला हाय की भावाकडं. लेकरं हायत का संगं?"

"खाली बसल्यात. पायरीवर."

"उनात? कावून?"

आणि त्या कधी न बघितलेल्या बाईला मी सगळं सांगितलं. कुलूप, लॉज, सांजची गाडी, आरतीचं रडणं. एवढं सलग मी माझ्या आईजवळही कधी बोलले नव्हते. त्या पदराने डोळे पुसत म्हणाल्या, "माझा बी जोगवा होता बाई. गुडघे गेले अन् सुटला. लई रडले. आईला म्हणलं, मला आता तुझ्यासाठी दारोदार हिंडता येत न्हाई, तूच ये एकदा माझ्या दाराला. अन् बघा तिची तऱ्हा, आली ती बी मी घरी नसताना!"

मग लेकीवर ओरडल्या, "गच्चीवरची खोली उघडून दे यांना. भाडेकरू गेल्यापासून मोकळीच हाय. चावी खिळ्याला हाय बघ."

मुलगी हळूच पुटपुटली, "मम्मी, ओळख ना पाळख..."

"आईचा जोगवा घेऊन आल्यात, अजून काय ओळख पायजे तुला?"

मुलगी ओशाळून हसली. तिने चावी दिली आणि पीठ म्हणून ओंजळभर बेसन पदरात घातलं. तिला पिठापिठातला फरक माहीत नव्हता. मी तिच्या कपाळाला हळदकुंकू लावलं.

खाली आले. मालक पिशव्या खांद्याला अडकवूनच उभे होते. मी चावी पुढे केली.

"ही कुठनं आणलीस?"

"मागून आणली."

"तू? बोलून?" ते इतके चकित झाले की ओम रडायचा थांबून त्यांच्या तोंडाकडे बघत राहिला.

त्या दिवशी गच्चीवरच्या खोलीत गहू, ज्वारी, बेसन सगळं एकत्र मळून मी भाकरी केली, तांदूळ चाळून भात शिजवला. गॅस आणि तवा त्या मुलीनेच आणून दिला, वरून तीही आमच्यात जेवायला बसली. भाकरी ना धड भाकरी, ना थालीपीठ. पण तसली चव पुन्हा माझ्या हाताला आली नाही.

दुसऱ्या दिवशी देवगिरी चढलो. अंधारीच्या वाटेत मोठी गर्दी होती, वटवाघळांचा उग्र वास, पायाखालची पायरी दिसत नव्हती. वाट दाखवणाऱ्याने गंमत म्हणून मशाल क्षणभर झाकली. एकदम मिट्ट काळोख. कुणाचं तरी बाळ किंचाळलं, माझी दोन्ही लेकरं माझ्या कमरेला बिलगली. आणि कुणास ठाऊक कसा, माझ्या पोटातून आवाज निघाला, "आई राजा उदे उदे!" सगळ्या काळोखातून, न दिसणाऱ्या शंभर तोंडांतून उत्तर आलं, "उदे उदे!" दगड घुमला. ओम खदखदून हसला. "आणखी म्हण आई, आणखी!" तो म्हणाला. मी "उदे उदे" म्हणाले. पुन्हा म्हणाले. उजेडात आलो तेव्हा सगळे कोण ओरडलं म्हणून शोधत होते आणि मालक छाती काढून सांगत होते, "आमच्या घरातली हाय." माथ्यावर पोचलो तेव्हा वारा एवढा होता की आरतीच्या वेण्या सुटल्या. ती दोन्ही हात पसरून धावत सुटली.

यात चमत्कार होता की योगायोग, ते शिकलेल्यांनी ठरवावं. मी चौथी शिकलेली बाई, मला आईचे उपकार तेवढे कळतात. तिने आधी माझी परडी ठेवून घेतली, मग खोली काढून घेतली, ओळखीचं एकही दार उरू दिलं नाही. मला तो कोप वाटला. पण हातात काही धरलेलं असतं तर मी पदर पसरला असता का? मागणं म्हणजे कमीपणा, असं मला वाटायचं. आता वाटतं, कमीपणा असलाच तर तो गप्प राहण्यात आहे. दार कुणाचं, आत कोण, ते उघडेल का, याची चिंता करायचं काम माझं नाही. आपण आवाज द्यायचा आणि पदर धरून उभं राहायचं. पुढचं आई बघते.