जलीलचाचांचा मागं पडलेला सूर

उदगीरच्या आमच्या बँडात जलीलचाचा दुसरी क्लॅरनेट वाजवतात. मी, मल्लिनाथ, ढोल बडवतो. चाचांची पोरगी सुमय्या कॉम्प्युटरवर गाण्यांचं नोटेशन छापून देते. पाच रेघा अन् त्यावर शेपटीवाले काळे ठिपके. मला त्यातलं ओ की ठो कळत न्हाई, पण पोरीचं काम लई नेटकं.

यंदा चाचा मागं पडू लागले. पहिली क्लॅरनेट वाजून जायची, मग यांचा सूर यायचा. बँडचे मालक वीरण्णा म्हणाले, "चाचा, आता आराम करा." म्हणजे घरी बसा! अहो, त्या माणसानं जन्मभर दुसरं केलंय काय? माझं टाळकंच फिरलं.

सुमय्या म्हणाली, "चूक माझ्या कागदाची हाय." दोन्ही क्लॅरनेटचे सूर एकाच ओळीत लिहिलेले. ठिपके एकमेकांवर चढू नयेत म्हणून कॉम्प्युटर एकाला थोडं उजवीकडं ढकलतो. वाजवायचे मात्र दोन्ही एकदमच. "अब्बा तो ठिपका उशिराचा समजले असतील." वीरण्णांनी आणखी एक संधी दिली.

मग ती बसली. चाचांची ओळ वेगळी काढली, एकेक ठिपका माऊसनं धरून जाग्यावर आणला. कुठं गर्दी न्हाई, कुठं धक्काबुक्की न्हाई.

तालमीला चाचा पुन्हा मागं.

दमच पुरत नव्हता हो त्यांना. सुमय्याचं तोंड एवढंसं झालं. वीरण्णा नुसतं उद्या बघू म्हणाले.

दुसऱ्या दिवशी पोरगी नवा कागद घेऊन हजर. पहिली क्लॅरनेट जिथं श्वास घ्यायला थांबते, तिथं तिनं चाचांचे सूर नेऊन ठेवले होते. आम्ही वाजवलं. पहिलीनं विचारायचं, चाचांनी सावकाश उत्तर द्यायचं. असं ग्वाड वाजलं म्हणता! वीरण्णा म्हणाले, "आता हेच कायम ठेवा."

चाचांनी क्लॅरनेट खाली घेतली. किती तरी वेळ कागद बघितला.

"म्हणजे मागं मीच पडतो, बेटी. कागद न्हाई."

आम्ही सगळे खाली बघू लागलो. सुमय्याला खोटं बोलवलं न्हाई.

"हाव, अब्बा."

चाचांनी रुमालानं डोळे पुसले, मग ओठ पुसले.

"मल्लिनाथ, बघत काय बसलास? उचल ढोल. पुन्हा पहिल्यापासून घेऊ."