नोनाचं तेल, माझ्या मिरच्या

पोराने सोयरीक इटालियन घरात जोडली की किस्से जमवावे लागत नाहीत, ओट्याखालच्या पिशव्यांसारखे आपोआप साठतात. आमचा रोहन सिएटलजवळ बेलव्ह्यूला सॉफ्टवेअरमध्ये, आम्ही दोघंही तिथेच. सून सोफिया, विहीणबाई अँजेला आणि अँजेलाची आई, नव्वदीची, इटलीतल्या कालाब्रियाहून नवरी होऊन आधी न्यूयॉर्कला आलेली. तिला सगळे नोना म्हणतात, म्हणजे आजी.

*

त्यांच्याकडचं पहिलं जेवण. टेबलावर चीज, ऑलिव्ह, ब्रेड, भाजलेल्या मिरच्या. "साधेपणा आवडला मला!" म्हणत आमच्या ह्यांनी पोटभर हाणलं. मग पास्ता आला. मग चिकन. मग सॅलड. नोना डाव घेऊन यांच्या डोक्याशी उभी! "खात का नाहीस? माझं काही चुकलं का?"

नागपूरच्या पंगतीत जिलब्यांच्या पैजा जिंकलेला हा माणूस! परतताना बेल्ट सैल करत म्हणाला, "ड्राइव्ह तू कर, मीना. ती मघाची नुसती डावी बाजू होती गं!"

*

नोनाचं वरचं किचन चकाचक, शेगडीवर डाग म्हणून नाही. खरा स्वयंपाक बेसमेंटमधल्या दुसऱ्या किचनमध्ये! हॉलमधला सोफाही प्लॅस्टिकच्या कव्हरात. मला चिंचवडच्या नणंदेचीच आठवण झाली.

"वरचं किचन कधी वापरता?" मी विचारलं.

"छे, ते नवीन आहे!"

ते बांधलं तेव्हा सोफियाचा जन्मही झाला नव्हता.

*

थंडीत नोना अंजिराच्या झाडाला जुनं कार्पेट गुंडाळते आणि वर बादली उपडी घालते. सिएटलमध्ये एवढी गरज नसते, पण तिची न्यूयॉर्कची सवय जात नाही. एकदा धुक्यात आमचे हे अंगणात फिरून आले ते फणफणतच. "मागे कोण काका उभे आहेत? दोनदा गुड मॉर्निंग म्हटलं, ढिम्म! एवढी कसली आढ्यता?"

*

नातू लिओ तान्हा असताना एका रविवारी सारखा किरकिरत होता. नोनाने पाण्याच्या ताटलीत तेलाचे थेंब सोडले आणि काहीतरी पुटपुटली. थेंब पसरले, म्हणजे नजर लागलेली! तोवर मी मीठ-मोहऱ्या-मिरच्या ओवाळून तव्यावर टाकल्या. घरात एकालाही ठसका लागला नाही, म्हणजे दृष्ट होतीच. लागला तो फक्त स्मोक अलार्मला!

"अहो बायांनो, गॅस झालाय त्याला!" अँजेला ओरडली.

नंतर नोना हळूच म्हणाली, ही प्रार्थना ख्रिसमसच्या आदल्या दिवशीच शिकवायची, तीही तोंडी, घरातल्याच बाईला. अँजेलाचा विश्वास नाही. सोफिया म्हणते, "फोनवर रेकॉर्ड करू या ना, नोना." ते चालत नाही. "माझ्याबरोबरच जाणार आता," ती म्हणाली. मला फार वाईट वाटलं.

*

त्याच वर्षी ख्रिसमसच्या आदल्या संध्याकाळी त्यांच्या रिवाजाप्रमाणे सात प्रकारचे मासे शिजत होते. नोनाने मला बेसमेंटमध्ये बोलावलं आणि दार लावून घेतलं.

"आज तुला शिकवते."

"अहो नोना, मी तुमच्या घरातली कुठे?"

"माझ्या लिओसाठी अलार्म वाजवलास ना? मग घरातलीच."

माझे डोळे भरून आले. एकेक शब्द तिने माझ्याकडून घोकून घेतला. मग बाह्या सरसावून म्हणाली, "आता तुझ्या मिरच्यांचं सांग!"

नवीन वर्ष लागलं आणि अँजेलाचा फोन आला. सकाळपासून डोकं ठणकत होतं, गोळ्या घेऊनही थांबत नव्हतं.

"माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही हं," ती म्हणाली. मग अगदी हळू आवाजात, "मीना, आईला सांगू नका. पण तुमच्याकडे तेल आहे ना?"

"गॅस झाला असेल," मी म्हटलं, आणि गाडीची किल्ली शोधायला लागले.